मान कुठल्या भाषेतली

“बूट आवळतायत. मागच्या वर्षी तर बसत होते. चामडं नुसतं ठेवून आकसतं वाटतं.”

कामेन हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हता. दारामागच्या चिंचोळ्या जागेत स्टुलावर बसून तो आपल्या पायांशीच कुरकुरत होता. पण त्या घरात दार आणि स्वयंपाकघर यांच्यात दोन हातांचं अंतर, त्यामुळे स्वतःशी बोललेलंही दुसऱ्याच्या ताटात पडायचं. वेलिच्का ओट्याशी उभी राहून कालची उरलेली चीज भरलेली बानित्सा खात होती. तिला तक्रारीचं काही वाटलं नाही. तिनं शब्द मोजले. सकाळचे आठ वाजले नव्हते आणि या माणसानं तीन वाक्यं उच्चारली होती.

आणि बूट कुठले, तर भाचीच्या लग्नात घातलेले, तपकिरी, नाडीचे. काल संध्याकाळी त्यांना पॉलिशही झालं होतं.

“चामडं नाही आकसत,” ती म्हणाली. “कापडी बूट घाल की. दिवसभर दगडांवरून चालायचंय. वरातीत नाही चाललोय आपण.”

कामेननं मान हलवली आणि नाडी बांधली.

आता ही मान. आमच्याकडे मान आडवी हलली की होय, आणि वर-खाली झाली की नाही. हे कुणी शिकवत नाही. आमची मुलं बोलायच्या आधी मान हलवायला लागतात. बाकीच्या जगात याच्या उलट असतं असं आम्ही ऐकून आहोत, आणि त्यात चूक जगाची आहे असं आमचं मत आहे. पण कामेन अकरा वर्षं जर्मनीत फरशा बसवत होता. तिथं मुकादमानं विचारावं, “झालं का?” आणि यानं झालं म्हणून मान आडवी हलवावी. पहिल्या वर्षी लोक त्याला मंद समजत. मग पोटासाठी त्यानं मान बदलली. भाषा पुरती आली नाही, पण मान आली. दोन वर्षांपूर्वी तो कायमचा परतला तेव्हा ती मान ना इथली राहिली होती ना तिथली. बेकरीतली बाई विचारायची, “पिशवी देऊ?” हा होय म्हणून मान खाली करायचा आणि गरम पाव या हातातून त्या हातात नाचवत घरी यायचा. परत आला त्या दिवशी बसस्टँडवरच वेलिच्कानं विचारलं होतं, “कायमचा आलास ना?” त्यानं मान वर-खाली केली. ती घरापर्यंत रडत आली. त्यानं हत्यारांची पेटी पलंगाखाली ढकलली तेव्हा कुठं तिला उलगडा झाला. ही गोष्ट ती सगळ्यांना सांगे, रंगवून सांगे, आणि लोक हसत.

दुसरी गोष्ट ती कुणाला सांगत नसे.

वेलिच्का कपडे दुरुस्त करायची. पुढच्या गल्लीत जिन्याखाली तिचं दुकान होतं: चेन बदलणे, कंबर सैल करणे, पँट आखूड करणे. शिवलेल्या कपड्याची आतली बाजू तिला पत्र वाचल्यासारखी वाचता येई. कामेन परतला त्या हिवाळ्यात त्याची एक पँट इस्त्रीला घेतली आणि तिला मुडप दिसली. हाताची शिलाई, बारीक, नेटकी. पण टाका उलट्या अंगाला झुकलेला. असा टाका डावखुरा माणूसच घालतो. पँट हातात धरूनच ती बाहेर आली. तो खिडकीशी बसून बर्फ बघत होता. तिनं विचारलं, “तिथं कुणी होतं का तुझं?”

त्यानं मान हलवली. वर-खाली, दोनदा.

नाही म्हणाला, असं तिनं ठरवलं आणि पँटीची घडी घातली. गेली दोन वर्षं ती त्या एका मानेवर संसार करत होती.

आणि मग दहा दिवसांपूर्वी टेबलावरचा त्याचा फोन वाजला. तो न्हाणीघरात होता म्हणून तिनं उचलला.

“वेली का?” पलीकडून बाईचा आवाज आला.

तिला वेली म्हणणारी माणसं जगात दोनच: एक तिचे वडील, जे वारले, आणि दुसरा कामेन.

फोनवरच्या बाईचं नाव इस्क्रा. मूळची स्टेशनामागच्या गल्लीतली, आणि जर्मनीत कामेनच्याच गावात म्हाताऱ्यांच्या आश्रमात स्वयंपाकीण. अकरा वर्षांत त्यानं तिचा उल्लेख बरोबर एकदा केला होता. “आपल्याकडची एक बाई आहे तिथं.” वेलिच्काला वाटे, ज्या बाईचं नाव नवऱ्याच्या तोंडी दहादा येतं तिची काळजी करू नये. एकदाच येतं तिची करावी.

इस्क्राची आई वारली होती. चाळिसावा दिवस करायला ती आली होती. घर विकून झालं होतं. “आता पुन्हा यायला काही कारण उरलं नाही,” ती फोनवर म्हणाली. “जायच्या आधी एकदा गाव पायी बघावंसं वाटतंय. माझं बालपण स्टेशनामागं गेलं गं, जुन्या गावात आम्हाला कोण नेतंय. तुम्ही दोघं याल?”

“येऊ की,” वेलिच्का म्हणाली. कामेन टॉवेल गुंडाळून दारात उभा होता. त्याला कुठलीच मान हलवायची संधी तिनं दिली नाही.

---

मशिदीजवळच्या कोपऱ्यावर इस्क्रा आधीच येऊन उभी होती. वेलिच्कानं दहा दिवस मनात एक बाई रंगवून ठेवली होती: रंगवलेले केस, अत्तर, उंच टाचा. प्रत्यक्षात निघाली काळ्या ब्लाउजातली, आखूड पांढऱ्या केसांची, दवाखान्यात घालतात तसल्या सपाट सँडलमधली बाई. वेलिच्काला फसवल्यासारखं झालं. मनातल्या त्या बाईशी भांडणं सोपं गेलं असतं.

“वेली,” असं म्हणून तिनं फुलं पुढं केली. गुलाबी पिवनी, एकेक वाटीएवढी.

वेलिच्कानं घेता घेता मोजली. सात. सम फुलं मेलेल्यांना, विषम जित्यांना. “एवढं लक्षात आहे म्हणायचं,” ती म्हणाली.

“चाळीस दिवस सम मोजतेय,” इस्क्रा म्हणाली. “आज विषम घेताना बरं वाटलं.”

फुलं मात्र आता दिवसभर वेलिच्काच्या हातात राहणार होती. गाव बघायला निघालेल्या त्या तिघांत नवरीसारखी तीच दिसत होती, आणि नवरीच्या जागी आपण असायला हवं होतं की नको, हे तिला कळेना.

कापानाच्या बाजारगल्ल्यांत त्यांनी कॉफी घेतली. इस्क्रानं चमचा डाव्या हातात धरला आणि कॉफी ढवळली.

वेलिच्का त्या हाताकडे बघत राहिली. गाव मोठं आहे, तिनं स्वतःला बजावलं. जर्मनी त्याहून मोठी. डावखुऱ्या बाया रगड.

कॉफीबरोबर बशीत एकेक छोटं बिस्कीट आलं होतं. कामेननं बोलता बोलता आपलं बिस्कीट उचललं आणि, बघितलंसुद्धा नाही, हात इस्क्राच्या बशीकडे निघाला. अर्ध्या वाटेत तो थांबला. मग टेबलावरून वळसा घालून ते बिस्कीट वेलिच्काच्या बशीत येऊन पडलं.

“मला साखर आहे,” वेलिच्का म्हणाली. “पाच वर्षं झाली.”

“हो की,” कामेन म्हणाला.

बिस्कीट कुणीच खाल्लं नाही. चिमणी येऊन घेऊन गेली.

तिथून पुढं निघाले तर तिच्या ध्यानात आलं की आपण मागं पडतोय. आमच्या गावात घाईनं चालणाऱ्याकडे लोक वळून बघतात, घरी कुणी आजारी आहे का म्हणून. वेलिच्का आयुष्यभर तशीच चालत आली होती, रमतगमत, ओळखीच्या दाराशी थांबत. आणि पुढं ही दोघं, कामावर उशीर झाल्यासारखी. घाईचंही तिला काही नव्हतं. पण पावलं जुळत होती. त्याचं डावं आणि तिचं डावं, त्याचं उजवं आणि तिचं उजवं. लग्नाला तीस वर्षं झाली, कामेनचं आणि तिचं पाऊल कधी जुळलं नव्हतं. तो म्हणायचा, तू बदकासारखी चालतेस, आणि ती म्हणायची, मग तू थांब.

बोगद्याजवळच्या चौकात तर कहर झाला. शनिवारची सकाळ, रस्ता रिकामा, दोन्हीकडे गाडीचं नाव नाही. वेलिच्का रस्ता ओलांडून पलीकडे गेली, कुणीही गेलं असतं. मागं वळून बघते तर ही दोघं त्या कडेला उभीच. हात मागं बांधून, खांद्याला खांदा, समोरच्या लाल दिव्याकडे बघत. त्यांच्या पायांमधून एक कुत्रं निघालं, निवांत रस्ता ओलांडून आलं आणि वेलिच्काशेजारी बसलं.

“काय रे,” ती पलीकडून ओरडली, “रस्त्याचं उद्घाटन आहे का?”

“लाल आहे,” कामेन म्हणाला.

“लाल आहे गं,” इस्क्राही म्हणाली, आणि दोघं एकदमच ओशाळली.

पण आली मात्र हिरवा झाल्यावरच. एकाच पायानं सुरुवात करून.

---

जुन्या गावाच्या चढाच्या तोंडाशी गीना मावशी सूर्यफुलाच्या बिया विकत बसते. तिच्या टोपलीपुढून कुणाचं स्थळ कुठं जुळलं आणि कुणाचं घर कुठं मोडलं, सगळं जातं. तिनं आधी फुलांकडे पाहिलं, मग कामेनच्या बुटांकडे, मग इस्क्राकडे.

“ही कोण गं?” तिनं वेलिच्काला विचारलं, इस्क्रा समोर उभी असताना.

“कामेनच्या गावची.”

“म्हणजे आपल्याच गावची.”

“तिकडच्या गावची, मावशी.”

“हं,” गीना मावशी म्हणाली. “तिकडची.” मग तिनं कागदाच्या तीन पुड्या भरल्या आणि एकेकाच्या हातात दिल्या. “चावत राहा. तोंड चालू असलं की बोलावं लागत नाही.”

तिघंही गुमान बिया सोलत चढ चढू लागली.

पण कामेनचं तोंड काही बंद राहिलं नाही. दोन वर्षांत वेलिच्कानं त्याच्या तोंडून ऐकलं नसेल इतकं तो त्या एका चढावर बोलला. या घराचा वरचा मजला रस्त्यावर का झुकलाय; हा रंग निळा नव्हता, आधी विटकरी होता; या भिंतीमागं एक अंजीर आहे, शाळेतून पळून आम्ही त्यावर बसायचो. इस्क्रा मधेच म्हणे, “जिथून तू पडलास ते?” आणि तो म्हणे, “तेच.” ती ऐकत नव्हती, ती ताडून बघत होती. पाठ केलेला धडा पुस्तक उघडून बघावा, तशी ती प्रत्येक दारापुढं थांबे आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान उमटे: आहे, बरोबर आहे.

घरात हा माणूस मीठ हवं असलं तर मिठाकडे बोट दाखवतो. आणि शब्द असे कुठंतरी पोत्यानं सांडून आला होता. दुसऱ्या बाईची सोबत तिला एकवेळ समजली असती, एकटेपण काय असतं ते तिलाही ठाऊक होतं. अकरा हिवाळे पलंगाची एक बाजू थंडच होती. पण बोलणं? ते तर त्याच्याकडे मुळातच कमी. आणि त्यातलंही असं वाटून यायचं?

किल्ल्याच्या जुन्या दरवाजापाशी, कमानीखाली, रस्त्याचे दगड मोठे आणि गुळगुळीत आहेत. दोन दगडांत बोटभर फट. इस्क्रा तिथं थांबली. खाली बघत दोन पावलं इकडे गेली, एक तिकडे.

“हाच ना?” ती म्हणाली. “टाच अडकलेला दगड?”

तीस वर्षांपूर्वी याच फटीत वेलिच्काच्या बुटाची टाच अडकली होती. सगळी वरात खोळंबली. बूट निघेना, म्हणून नवऱ्या मुलानं गुडघ्यावर बसून टाच उपटली, आणि एक पाय अनवाणी ठेवून नवरी देवळात गेली. ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. ती इस्क्राला कळली, त्याचं काही नाही.

“आणि तो खाली बसलेला असताना तू हळूच म्हणालीस,” इस्क्रा हसून सांगू लागली, “अजून वेळ आहे, दोघंच पळून जा...”

ती बोलता बोलता थांबली, पण तोवर वाक्य बाहेर पडून गेलं होतं.

अजून वेळ आहे, दोघंच पळून जाऊ या. हे कुणाला ठाऊक नव्हतं. बहिणीला नाही, आईला नाही. ते त्या दगडावर, नवरीच्या जाळीदार ओढणीआडून, एका माणसाच्या कानात सांगितलेलं होतं. वेलिच्काला वाटलं, आपल्या कपाटातलं अगदी आतलं काहीतरी दुसरी बाई अंगावर घालून समोर उभी आहे, आणि तिला ते बसतंयही.

“बरंच सांगितलंय की तुला,” ती म्हणाली.

“आम्ही सगळे बसायचो तेव्हा,” इस्क्रा म्हणाली. “रविवारी. सगळेच आपापल्या गावचं सांगायचे.”

“सगळे म्हणजे किती?”

इस्क्रा पुडीत उरलेल्या बिया चाचपू लागली. कामेन कमानीचे दगड बघत होता, फरशीवाल्याच्या डोळ्यांनी, जणू सांध्यात काही चूक सापडेल तर बरं.

“चला,” वेलिच्का म्हणाली. “वर वारा असेल.”

कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणतात. पण तिच्या मनात आलं, इथं कानामागून कोण आलं? तो अकरा वर्षांनी घरी आला, पाहुण्यासारखा, तेव्हा दार मी उघडलं. कदाचित त्याचं घरी येणं हेच कुणाच्यातरी दारातून उठून येणं होतं. हा विचार तिला मुळीच आवडला नाही. रागाला त्यानं भोक पडत होतं.

---

नेबेत टेकडीवर पडक्या भिंती आहेत, वारा आहे, आणि खाली सगळं गाव. नदी, तिच्यापलीकडे त्यांची वस्ती, लिंडनच्या झाडांचे गोल शेंडे; जूनचा महिना, त्यांच्या फुलांचा वास इथवर येत होता. कामेन शेवटच्या वळणापासून लंगडत होता. वर पोचल्यावर एका दगडावर बसला, बूट काढला, मोजा उतरवला. टाच सोलली होती, नाण्याएवढी.

त्याच क्षणी दोन पर्स उघडल्या. वेलिच्काचा हात आत गेला आणि इस्क्राचाही, आणि दोन्ही हात एकदमच चिकटपट्टी घेऊन बाहेर आले.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

इस्क्रानं तिची पट्टी पुन्हा पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन हळू लावली आणि भिंतीशी जाऊन टेकड्या मोजू लागली. मग, काहीतरी बोलावं म्हणूनच बहुतेक, म्हणाली, “सहाच दिसतात.”

“सहाच आहेत,” वेलिच्का म्हणाली.

“सात टेकड्यांचं गाव म्हणतात ना सगळे?”

“म्हणायला सात. सातवी फोडली, आजोबांच्या काळात,” कामेन म्हणाला. “तिच्याच दगडांचे रस्ते केले. सकाळपासून आपण तिच्यावरूनच चालतोय.”

“पण तू तर सात ठेवायचास,” इस्क्रा म्हणाली. ती गावाकडे बघत होती, तिचं लक्ष नव्हतं. “पावाच्या सहा कडा. मधे मिठाची बरणी, ही टेकडी म्हणून. चमचा म्हणजे नदी.”

“कुठं ठेवायचा?” वेलिच्कानं विचारलं.

“टेबलावर.”

“कुठल्या टेबलावर?”

“कॅन्टीनच्या,” कामेन म्हणाला.

“स्वयंपाकघरातल्या,” इस्क्रा म्हणाली.

दोघं एकाच वेळी म्हणाली. सकाळपासून पावलं जुळत होती. नेमकं इथं चुकली.

वेलिच्कानं फुलांकडे पाहिलं. उन्हात सकाळपासून हिंडवलेली फुलं. त्यातल्या एका पिवनीनं केव्हाचीच मान टाकली होती, देठ मोडून ती गठ्ठ्याबाहेर लोंबत होती. वेलिच्कानं ती काढून टाकली आणि उरलेली दगडावर ठेवली. सहा. कामेननं मोजली ते तिनं पाहिलं. आमच्याकडे प्रत्येक जण मोजतो.

“मी खाली गीना मावशीपाशी थांबते,” इस्क्रा म्हणाली.

“कशाला? थांब की,” वेलिच्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तुला त्याची मान कळते. मला दुभाषी लागेल.”

ती कामेनच्या पुढ्यात गुडघे टेकून बसली. दगड तापलेला होता. त्याचा पाय तिनं मांडीवर घेतला, रुमालानं टाच पुसली. किती ओळखीचा पाय. करंगळी वाकडी, घोट्यावर जखमेची खूण. ही खूण मात्र तिकडची, ती कशी पडली ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. इस्क्राला ठाऊक असणार. त्या दिवशी फडकं ओलं करून इस्क्रानंच त्यावर ठेवलं असणार, डाव्या हातानं. वेलिच्काला त्या खुणेचाही मत्सर वाटला. एवढीशी, पांढरी, नखभर खूण.

“सांग मला,” पट्टीचा कागद सोलत ती म्हणाली. “त्या हिवाळ्यात मी विचारलं होतं. हातात पँट होती माझ्या. आठवतं?”

कामेनची मान हलायला लागली.

“मान नको.” तिनं टाच घट्ट धरली. “दोन वर्षं मी तुझ्या मानेचे अर्थ लावतेय. बेकरीवालीला कळत नाहीत, मला काय कळणार. तोंडानं सांग. हिच्यासमोर सांगतोस तसं. ती सगळी घरं सांगितलीस ना, खालपासून वरपर्यंत, रंगांसकट? मला एक शब्द सांग.”

“वेली, इथं...”

“इथंच. पाय माझ्या हातात आहे, पळता यायचं नाही.”

तो खाली बघत राहिला. तीस वर्षांपूर्वी उलट तो तिच्या पायाशी बसला होता, थोडा खालच्या बाजूला, कमानीपाशी, आणि ती वरून त्याच्या केसांतला भांग बघत होती. आता भांग राहिला नव्हता. इस्क्रा भिंतीशी, त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. तिनं डावा हात उजव्या हातानं धरून ठेवला होता, जणू तो काहीतरी करून बसेल.

“सांग तिला,” ती वळून न बघता म्हणाली. “तिथं असताना तू रोज तिचंच सांगायचास. चार वर्षं मी तिचं गाव ऐकत जेवले. आता एकदा तिला माझं सांग.”

चार. वेलिच्काच्या बोटांनी तो आकडा पट्टीबरोबर टाचेवर दाबून बसवला. पट्टी सरळ बसली. तिचं काम नेहमीच सरळ बसतं. दुखतंय का, असं तिला विचारावंसं वाटलं, सवयीनं, आणि तिनं ते गिळलं.

खाली कुठंतरी देवळाची घंटा झाली, कुणाच्यातरी लग्नाची असावी, शनिवार होता.

कामेननं तोंड उघडलं, मिटलं. मान हलू नये म्हणून त्यानं स्वतःची हनुवटी हातात धरली, दाढदुखीवाला धरतो तशी. लहान मुलासारखा दिसला. तिला त्याची दया आली आणि त्या दयेचा तिला राग आला.

“होय,” तो म्हणाला.

त्यानं हनुवटी सोडली आणि सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं, दोन वर्षांत पहिल्यांदा.

“त्या दिवशीची मान,” तो म्हणाला, “जर्मन होती.”